आजीचं गोंदण, माझा क्रूस आणि लेवीय १९:२८

प्रवरेकाठची

सगळ्यांना सलाम. मी नगर जिल्ह्यातली, नोकरीसाठी पुण्यात असते, वय २५. आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, प्रोटेस्टंट मंडळीतलं, संडे स्कूलपासून कॉयरपर्यंत सगळं केलंय, म्हणून आधीच सांगते की प्रश्न मनापासून विचारतेय.

माझी आजी, वडिलांची आई, मागच्या डिसेंबरात गेली, नाताळ आठ दिवसांवर होता. तिच्या कपाळावर एक आणि हनुवटीवर एक असे हिरवट ठिपके होते आणि उजव्या हाताला कोपराच्या खाली तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. तिचं माहेर ख्रिस्ती नव्हतं. सात-आठ वर्षांची असताना जत्रेत गोंदणारणीकडून गोंदवलेलं, लग्न होऊन आमच्या घरात आल्यावर मग बाप्तिस्मा झाला. ती सांगायची की दोघी बायकांनी हात दाबून धरलेला, मी एवढी रडले की गळ्यातला आवाज दोन दिवस आला नाही, आणि तिची आई म्हणालेली की सोनंनाणं सगळं काढून घेतात गं, मेल्यावर बाईसोबत जातं ते गोंदण तेवढं.

लहानपणापासून बघायचे की प्रभुभोजनाच्या, म्हणजे मेजापुढे जाऊन भाकर-द्राक्षारस घ्यायच्या रविवारी आजी मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाऊज घालायची, मे महिन्यात सुद्धा. मला वाटायचं ते तिचं चर्चचं ब्लाऊज असेल. आजी गेल्यावर आत्याने सांगितलं की नवी नवरी असताना तिला मंडळीतल्या एका मोठ्या बाईने सांगितलेलं की असला हात मेजापुढे करायचा नाही. झालं, त्यानंतर साठ वर्षं बाही खाली. तिने कधी कोणाविषयी वाईट बोललेलं मी ऐकलं नाही पण हे कळल्यापासून माझ्या डोक्यातून ते जात नाहीये.

तर मला माझ्या उजव्या हातावर, जिथे तिचं होतं तिथेच, तेच वृंदावन हवंय आणि त्यात तुळशीच्या जागी छोटा क्रूस. वडिलांना सांगितलं तर ते काही ओरडले वगैरे नाहीत, शास्त्र उघडून लेवीय पुस्तकातलं १९:२८ हे वचन समोर ठेवलं आणि उठून गेले. तुम्हाला माहिती असेलच, मृतांसाठी अंगावर वार करून घेऊ नका, अंग गोंदवून घेऊ नका. आता माझी अडचण बघा, बाकीचे लोक म्हणतात आम्ही फॅशन म्हणून करतो, पण मी तर मेलेल्या माणसासाठीच करतेय, म्हणजे वचन बरोबर माझ्याच अंगावर येतंय ना?

मला दोन गोष्टी हव्यात. त्या वचनात नेमकं काय मना केलंय ते कोणी नीट समजावेल का, आणि विश्वास म्हणून गोंदवून घेणारे ख्रिस्ती लोक जगात कुठे आहेत का. देव मन बघतो एवढंच लिहू नका प्लीज, ते मलाही माहितीये.

वसईवाला

ताई आधी आजीबद्दल वाईट वाटलं. ती बाह्यांची गोष्ट वाचून मी फोन खाली ठेवला दोन मिनिटं.

आमच्याकडे म्हणजे कॅथलिक लोकांत टॅटूला बंदी असा काही नियम नाही. धर्मशिक्षणाच्या पुस्तकात शरीराची काळजी घ्या, विनाकारण अवयव कापू नका, एवढं आहे, गोंदणाचं नावही नाही. पोप फ्रान्सिस यांनी मार्च २०१८ मध्ये रोमला जगभरच्या तरुणांशी बोलताना एका प्रश्नाला उत्तर देताना सांगितलेलं की टॅटूला घाबरू नका, इरिट्रियातले ख्रिस्ती लोक कितीतरी वर्षांपासून कपाळावर क्रूस गोंदतात, आणि टॅटू म्हणजे आपण कोणाचे आहोत याची खूण असते, त्यावरून गोंदवलेल्या पोराशी बोलणं सुरू करता येतं. अति करू नये हे पण म्हणालेले, ते लोक शेअर करताना गाळतात.

आणि ते ७८७ साली पोपने टॅटूवर बंदी घातली म्हणून जे फॉरवर्ड फिरतं ते अर्धवट आहे. इंग्लंडमध्ये पोपचे दूत गेलेले, त्यांनी रोमला जो अहवाल पाठवला त्यात तिथल्या जुन्या धर्माच्या रिवाजाप्रमाणे अंग रंगवून डाग पाडण्याला नावं ठेवलीयेत, पण त्याच वाक्यात असंही लिहिलंय की हेच दुखणं कोणी देवासाठी सोसलं असतं तर त्याला मोठं प्रतिफळ मिळालं असतं. म्हणजे कशासाठी केलं यावर त्यांचा जोर होता.

सेमिनरीतला

मी थिऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, हिब्रू शिकतोय, त्यामुळे वचनाबद्दल जेवढं खात्रीने सांगता येईल तेवढं सांगतो. लांब होईल, सांभाळून घ्या.

हिब्रूमध्ये त्या ओवीचे दोन भाग आहेत. पहिला, मेलेल्यासाठी आपल्या देहात चीर पाडू नका. दुसरा, आपल्या अंगावर कतोवेत काअका करू नका. मी परमेश्वर आहे. "मेलेल्यासाठी" हा शब्द पहिल्या भागात आहे, दुसऱ्यात नाही. कतोवेत म्हणजे लिखाण, हे सोपं आहे. पण काअका हा शब्द अख्ख्या जुन्या करारात फक्त इथेच एकदा येतो, तुलना करायला दुसरी जागाच नाही. त्यामुळे त्याचा अर्थ कोरणं, टोचून लिहिणं असा काहीतरी संदर्भाने लावलेला आहे, आणि आपल्या मराठी भाषांतरात त्यासाठी गोंदणे हा शब्द आला. तो शब्द वाचला की आपल्या डोळ्यांपुढे लगेच आजी येते, ते मूळ वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येत नव्हतं हे लक्षात घ्यायला पाहिजे.

मेलेल्यासाठी चिरा पाडणं ही कनान आणि आजूबाजूच्या देशांतली शोकाची रीत होती, केस उपटायचे, दाढी भादरायची, अंगावर वार करायचे. बआल या देवाचे पुजारी एलिया संदेष्ट्यासमोर सुऱ्यांनी स्वतःला कापून घेतात ते १ राजे १८ मध्ये आहेच. अनुवाद नावाच्या पुस्तकात १४:१ मध्ये पण तेच, मेलेल्यासाठी अंग कापू नका आणि कपाळ भादरू नका. गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखं आहे की यिर्मया ४१:५ मध्ये ऐंशी माणसं दाढ्या काढून, कपडे फाडून, अंगावर वार करून परमेश्वराच्या मंदिराकडे अर्पणं घेऊन निघालीयेत. म्हणजे नियम होता तरी देवाच्या लोकांत ही रीत चालू होती आणि लेखक तिथे त्यांना दोष देत नाही.

दुसऱ्या भागाबद्दल अभ्यासकांत मतं वेगवेगळी. एक मत असं की हे मालकीचं लिखाण आहे. जुन्या जगात गुलामाच्या हातावर मालकाचं नाव घालायचे, मंदिराच्या सेवकांवर देवाची खूण घालायचे. इजिप्तमध्ये एलिफंटाइन बेटावर यहुदी लोकांची वसाहत होती, तिथले इ.स.पूर्व पाचव्या शतकातले कागद सापडलेत, त्यात एका गुलामाच्या हातावर मालकिणीचं नाव असल्याचा वाटणीपत्रात उल्लेख आहे. आता जी माणसं मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या दास्यातून बाहेर आलीयेत त्यांना देव सांगतो की अंगावर कोणाचं नाव लिहून घेऊ नका, मी परमेश्वर आहे. मला व्यक्तिशः हा अर्थ पटतो कारण शेवटचं वाक्य त्याला येऊन बसतं. मिश्नामध्ये, म्हणजे यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहात सुद्धा एका रब्बीचं (धर्मगुरूचं) मत नोंदवलंय की तिथे देवाचं नाव लिहिलं तरच माणूस दोषी, आणि तो पण याच शेवटच्या वाक्यावर बोट ठेवतो.

आता तुमचा प्रश्न, मी आजीसाठी करतेय म्हणजे वचन माझ्यावर येतं का. माझं प्रामाणिक मत, नाही. तिथे मेलेल्यासाठी म्हणजे मेलेल्याच्या आत्म्याला काहीतरी पोचवायला, त्याला शांत करायला किंवा त्याच्या देवांना खूश करायला. आठवण ठेवणं वेगळं. पण तुम्हीच लिहिलंय की आजीच्या आईची समजूत होती की गोंदण मेल्यावर सोबत जातं. तुम्ही जर मनात कुठेतरी अशी भावना धरून करत असाल की हे केलं म्हणजे आजीला तिकडे बरं वाटेल, तिच्यावर झालेला अन्याय फिटेल, तर मग थांबा आणि त्यावर प्रार्थना करा, कारण तिथे वचनाचा काटा खरंच लागतो. आजी प्रभूजवळ आहे, तिला तुमच्या हाताची गरज नाही. हे कठोर वाटलं तर माफ करा.

आणि नियमशास्त्र आपल्याला किती लागू हा प्रश्न राहतोच. त्याच अध्यायात आदल्या ओवीत दाढीच्या कडा छाटू नका आहे, १९ व्या ओवीत दोन जातींच्या धाग्यांचं कापड घालू नका आहे. पण त्याच अध्यायात १८ व्या ओवीत शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर हे पण आहे, त्यामुळे लेवीय आहे सोडून द्या असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये यरुशलेमला पहिली सभा बसली आणि विदेशी विश्वासूंवर कुठली ओझी घालायची ते ठरलं, त्या यादीत मूर्तींना वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म एवढंच आहे. सुंता सुद्धा लागली नाही, आणि देहावर करायच्या खुणांमध्ये त्याहून मोठी कुठली होती?

दोहाकर

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी डोळ्यांनी बघितलेलं आहे म्हणून लिहितोय, नाहीतर मी इथे नुसता वाचतो.

मी मूळचा संगमनेरचा, कतारला बारा वर्षं कन्स्ट्रक्शनमध्ये. आमच्या साइटवर एक इजिप्तचा फोरमन होता, कॉप्टिक, म्हणजे तिथल्या जुन्या ख्रिस्ती पंथाचा. पहिल्या आठवड्यात माझं नाव ऐकून म्हणाला ख्रिश्चन का, मी हो म्हटलं, तर त्याने उजव्या हाताची बाही वर केली आणि मनगटाच्या आतल्या बाजूला छोटासा निळा क्रूस दाखवला, चार टोकं सारखी असलेला. मग माझं मनगट बघितलं, कोरं. त्याला कळेचना. त्याच्यासाठी ते टॅटू वगैरे नव्हतंच हो, तो म्हणाला मी चार वर्षांचा असताना आईने जत्रेत नेऊन करून घेतलं, माझ्या पोरांनाही केलंय, गावाकडे चर्चच्या दारात कधी कधी हात बघूनच आत सोडतात. लहान मूल हरवलं किंवा कोणी पळवलं तर ते कोणाचं हे हातावरून कळतं, असंही म्हणाला, आणि ते तो इतकं साधेपणाने बोलला की मला पुढे काही विचारवलं नाही.

जत्रेत आईने धरून नेलं हे वाचून तुम्हाला काय आठवेल ते मला माहितीये. मला पण माझी आजीच आठवली.

इथे चर्च शुक्रवारी भरतं, सगळ्या पंथांची चर्चेस एकाच आवारात, त्यामुळे इथिओपिया-इरिट्रियाच्या बायका पण दिसतात, पांढरी नक्षीकाठाची शाल पांघरलेल्या, कित्येकींच्या कपाळावर मधोमध क्रूस गोंदलेला, काहींच्या जबड्यावर आणि मानेवर पण रेघांची नक्षी. इथिओपियाच्या तिग्राय आणि अम्हारा भागात हे जुनं आहे. त्यांच्यातल्या तरुण मुलींच्या कपाळावर मात्र मला फारसं दिसलं नाही.

मग मी बरंच वाचलं. यरुशलेमच्या जुन्या शहरात जाफा दरवाज्याजवळ रझूक नावाच्या कुटुंबाचं दुकान आहे, मूळचे इजिप्तचे कॉप्टिक, त्यांचं म्हणणं आम्ही सातशे वर्षांपासून हेच काम करतो. यात्रेकरूंच्या हातावर क्रूस किंवा पुनरुत्थानाचं चित्र गोंदायचं आणि खाली यात्रेचं साल घालायचं. ऑलिव्हच्या लाकडाचे कोरलेले ठसे आहेत त्यांच्याकडे, काही शेकडो वर्षं जुने, आधी ठसा शाईत बुडवून हातावर उठवतात आणि मग त्या रेघांवर सुई. आर्मेनियन, सिरियन, कॉप्टिक यात्रेकरू हे करून घेतल्याशिवाय यात्रा पूर्ण झाली असं मानत नसत. युरोपातून येणारे प्रोटेस्टंट पण करून घ्यायचे, इंग्लंडचा पुढे सातवा एडवर्ड झाला तो राजपुत्र १८६२ साली यरुशलेमला गेला तेव्हा त्यानेही हातावर यरुशलेमचा क्रूस गोंदवून घेतलेला. मला स्वतःला त्या लाकडी ठशांचं फार वाटतं, आपल्याकडे पण गोंदणारीण आधी काडीने नक्षी काढून मग टोचायची ना.

बोस्नियातले कॅथलिक क्रोएट लोक आहेत, तिथे मुलींच्या हातांवर, बोटांवर, छातीवर क्रूस गोंदायची रीत अगदी विसाव्या शतकापर्यंत होती, सित्सान्ये म्हणतात. तुर्कांच्या राज्यात पोरी पळवून नेल्या तरी अंगावरचा क्रूस पुसता येऊ नये म्हणून, असं त्या म्हाताऱ्या सांगायच्या. काजळी, मध आणि बाळंतिणीचं दूध कालवून शाई करायच्या आणि संत योसेफाच्या सणाला, म्हणजे १९ मार्चच्या सुमाराला, गोंदायच्या.

तेव्हा आहेत, लोक आहेत. आणि त्यातल्या बऱ्याच बायकाच आहेत.

प्रवरेकाठची

दोहाकर दादा, काजळी आणि बाळंतिणीचं दूध, हे आजी अगदी अस्संच सांगायची!! मी बसमध्ये वाचत होते आणि माझ्या तोंडून आवाज निघाला.

सेमिनरीतले दादा, कठोर नाही वाटलं. अन्याय फिटेल हे माझ्या मनात आहे, खोटं कशाला बोलू. त्यावर विचार करतेय.

जुना मंडळीकर

सलाम. मी ६८ वर्षांचा आहे, औरंगाबाद भागातला, आमच्या मंडळीत वडील म्हणून, म्हणजे कारभार बघणारा ज्येष्ठ म्हणून, पंधरा वर्षं होतो. इथे सगळे एका बाजूने बोलतायत म्हणून लिहितो, बेटी राग मानू नको, तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे आणि त्यांचं उठून जाणं मला समजतं.

वचनाबद्दल सेमिनरीतल्या मुलाने चांगलं लिहिलंय, त्याच्याशी मी वाद घालणार नाही, मला हिब्रू येत नाही. मी इतिहास सांगतो. आपल्या गावात गोंदण म्हणजे नुसता दागिना नव्हता. कुठल्या बाईच्या कपाळावर काय, हनुवटीला ठिपके किती, हातावर कुठली नक्षी, यावरून लोक ओळखायचे की ही कुठल्या घरची, कुठल्या वस्तीची. विहिरीवर गेलेल्या बाईला तोंड उघडायच्या आधी तिची जात तिच्या कपाळावर वाचली जायची. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा काय केलं तर आपल्या पोरींना गोंदवून द्यायला नकार दिला. गावातल्या बायका माझ्या आत्यांना कोऱ्या पोरी म्हणायच्या, कोऱ्या कपाळाची सून कोण करणार म्हणायच्या. आजोबा म्हणाले माझ्या पोरी कोऱ्याच राहतील, त्यांच्यावर कोणी काही लिहायचं नाही. माझ्या घरात हे वाक्य आम्ही स्तोत्रासारखं ऐकलंय.

म्हणून जेव्हा आपली शिकलेली पोरं हौसेने अंगावर लिहून घेतात, मग तो क्रूस का असेना, तेव्हा मला आत कुठेतरी तुटल्यासारखं होतं. ती कोरी त्वचा मिळवायला आमच्या लोकांनी किंमत दिलेली आहे.

दुसरं असं की तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे हे वचन लोक टॅटूविरुद्ध वापरतात, मला माहिती आहे की पौल करिंथकरांना ते वेश्यागमनाबद्दल लिहितो, गोंदणाबद्दल नाही. पण पुढचं वाक्य बघ, तुम्ही स्वतःचे नाही, मोल देऊन विकत घेतलेले आहात. माझं अंग, माझी मर्जी, हे आपल्याला म्हणता येत नाही एवढंच मी त्यातून घेतो.

आणि तिसरं, आजकालचे दिवस बघता पोरीच्या हातावर उघडा क्रूस म्हणजे बापाला बसमध्ये, गर्दीत, परक्या गावात तिची काळजी वाटणारच. ते तो तुला बोलून दाखवणार नाही, लेवीय दाखवेल.

तुझ्या आजीला जे सांगितलं गेलं ते चूक होतं. प्रभूच्या मेजापुढे तिचा हात कोणी झाकायला लावायला नको होता. आमच्या मंडळीतही असं घडलेलं आहे, गोंदलेल्या म्हाताऱ्यांना मागच्या बाकावर बसवलेलं मी लहानपणी बघितलंय आणि मोठा होऊन वडील झालो तेव्हाही त्याबद्दल कधी उभं राहून बोललो नाही. याची मला लाज वाटते.

सेमिनरीतला

काका, कोऱ्या पोरींचं वाक्य मी आमच्या वर्गात सांगणार आहे, तुमची परवानगी समजतो. मी वर जे गुलामाच्या हातावरच्या नावाबद्दल लिहिलं ते मला पुस्तकातून कळलेलं, तुमच्या आजोबांना ते न वाचता कळलेलं होतं.

फक्त एक जोडतो, कारण शास्त्रात हे दोन्ही बाजूंनी येतं. यशया ४४:५ मध्ये संदेष्टा सांगतो की एक जण म्हणेल मी परमेश्वराचा, आणि कोणी आपल्या हातावर लिहील परमेश्वराचा. तिथेही गुलामाच्या खुणेचीच भाषा आहे पण मालक बदललाय आणि लिहून घेणारा स्वखुशीने लिहून घेतोय. सहाव्या शतकात गाझाचा प्रोकोपियस हा ख्रिस्ती लेखक या ओवीवर भाष्य लिहिताना सांगतो की पुष्कळ ख्रिस्ती लोक मनगटावर किंवा दंडावर क्रूसाची खूण किंवा ख्रिस्ताचं नाव घालून घेतात. म्हणजे दोहाकरांनी सांगितलेली रीत किती जुनी ते बघा. आणि पौल गलतीकरांना शेवटी लिहितो की मी येशूच्या खुणा माझ्या शरीरावर धारण करतो, तिथे ग्रीकमध्ये स्टिग्माता शब्द आहे, आणि त्या काळच्या बोलण्यात स्टिग्मा म्हणजे गुलामाच्या, कैद्याच्या अंगावर टोचून काढलेली खूण. पौलाच्या अंगावर अर्थात गोंदण नव्हतं, फटक्यांचे वळ होते, तरी शब्द त्याने तोच घेतला.

कैद्यांच्या तोंडावर डाग देणं रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३१६ साली कायद्याने बंद केलं, कारण दिलं की चेहरा स्वर्गीय सौंदर्याच्या प्रतिरूपाने घडलेला आहे. हात आणि पोटऱ्यांवर मात्र चालू ठेवलं, हे पण सांगायला हवं.

रूथमावशी

मी नर्स आहे, तीस वर्षं झाली. शास्त्राचं तुम्ही बघा, मी अंगाचं सांगते.

जत्रेतल्या मशीनवर करू नकोस बाळा. एकाच सुईने दहा जणांना करतात, कावीळ बी आणि सी रक्तातून पसरते. चांगल्या ठिकाणी जा, सुईचं पाकीट तुझ्यासमोर फोडायला सांग, शाईची वाटी पण नवी. तुला जुन्या जखमांचे फुगीर वण येत असतील तर आधी त्वचेच्या डॉक्टरला दाखव. दोन-तीन आठवडे पोहणं, ऊन, खाजवणं बंद. रक्तदान करत असशील तर त्यानंतर वर्षभर करता येत नाही, कॅम्पमध्ये खरं सांगायचं. आणि पोलीस, सैन्य, निमलष्करी दलात भरतीचा विचार असेल तर आधी नियम वाच, प्रत्येक दलाचे नियम वेगळे, धार्मिक खूण किंवा नाव चालत असलं तरी जागा आणि आकार ठरलेला असतो, त्यात बसलं नाही तर मेडिकलला अडकतात, माझ्या भाच्याचा मित्र अडकला.

एक शंका माझीही विचारते. कान टोचायला कोणी शास्त्र काढत नाही, नाक टोचलेलं पण आपल्या मंडळीत सर्रास असतं. रिबकेला अब्राहामाच्या सेवकाने नथ घातलेली उत्पत्ती २४ मध्ये. मग भोक पाडलेलं चालतं आणि ठिपका चालत नाही असं का?

वसईवाला

मावशी, केरळातल्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांमध्ये ते पण चालत नाही, सोन्याचा दागिना अंगावर घालतच नाहीत, लग्नात सुद्धा. पेत्राच्या पहिल्या पत्रातलं सोन्याचे दागिने ही तुमची शोभा नसावी, ते अक्षरशः घेतात. माझ्या ऑफिसात एक जण आहे, त्याच्या बायकोच्या कानाला भोकच नाही. ते लोक निदान दोन्हीकडे सारखे वागतात. आपल्याकडे ज्या गोष्टीची सवय झाली ती दिसत नाही, जी नवी वाटते तिला ओवी शोधतो.

जुना मंडळीकर

वसईवाले, नवी नाही, जुनी. आपल्याला गोंदण आवडत नव्हतं कारण ते आपण सोडून आलेल्या घराचं होतं. कुंकवाचं पण तेच झालं. रूथबाईंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि खरं तर उत्तर हेच आहे की आम्ही शास्त्रावरून नव्हे तर कशापासून वेगळं दिसायचं त्यावरून ठरवत गेलो. त्या काळात त्याला कारण होतं.

प्रवरेकाठची

तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी. गावी जाऊन आले.

काकांचं सगळं उत्तर मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं. काळजीचं जे लिहिलंय तिथे ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. कोऱ्या पोरींपाशी मला म्हणाले परत वाच. मग बऱ्याच वेळाने म्हणाले की तुझी आजी मला शाळेत सोडायला यायची तेव्हा मी तिला म्हणायचो हात पदराखाली घे, मुलं हसतात. हे त्यांनी कधीच कोणाला सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे ते लेवीय आणि ते उठून जाणं हे सगळं मला आता वेगळं दिसतंय.

पाळकसाहेबांना पण भेटले, आत्ताचे तरुण आहेत. ते म्हणाले मी हो म्हणणार नाही आणि नाही पण म्हणणार नाही, पण आजीवर झालेल्या अन्यायाचा राग मनात धरून सुईखाली हात ठेवू नकोस, राग गेल्यावर पण करावंसं वाटलं तर कर. म्हणून मी ईस्टरपर्यंत थांबायचं ठरवलंय. वडील हो म्हणालेले नाहीत. पण नाही हा शब्द पण परत आला नाही.

आता वेगळीच अडचण आहे. मला आजीच्या हातावरचं वृंदावन जसंच्या तसं हवंय आणि घरातले सगळे अल्बम काढून बघितले, लग्नं, बाप्तिस्मे, नाताळ, एकाही फोटोत तिचा उजवा हात उघडा नाहीये. बाही किंवा पदर, नाहीतर हात कोणाच्या तरी मागे. शेवटी आत्याने वहीच्या कागदावर आठवून काढून दिलं, खाली पायऱ्या, वर कुंडी, दोन बाजूंना तीन-तीन ठिपके. मोठी काकू म्हणते पायऱ्या पाच होत्या, आत्या म्हणते चार, कारण ती लहानपणी आजीच्या कुशीत झोपताना त्यावर बोट फिरवत मोजायची. वडिलांना विचारलं तर त्यांनी तो कागद हातात घेतला, बराच वेळ बघितलं, आणि पेन्सिल मागून पायऱ्यांच्या खाली एक छोटा आडवा दिवा काढला जो दोघींनाही आठवत नव्हता.

कोणाकडे त्या काळातल्या नगर-संगमनेर भागातल्या गोंदणाच्या नक्षीचे फोटो असतील तर कृपया इथे टाका. चार की पाच ते मला कळायला हवंय.